दाराजवळची हार्ड डिस्क

भूकंपात किल्लारीजवळचं आमचं दगडी घर बसलं. खाटा दाराशी होत्या म्हणून आम्ही तिघं वाचलो. तेव्हापासून मोलाची वस्तू दाराजवळ, हा वडिलांचा नेम. लातूरच्या घरातही कागदपत्रांची पेटी, टॉर्च, पुढे आईचा फोटो, सगळं तिथंच.

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा मी सर्व्हर केला, म्हणजे त्यातलं सगळं टीव्हीवर ऐकता-बघता यावं. हार्ड डिस्क दोन. एकीत माझी लेक्चरं, दुसरीत आईचा आवाज. मी नांदेडला होस्टेलवर असताना ती कॅसेटमध्ये बोलून कंडक्टरच्या हाती पाठवायची. तिला लिहिता येत नव्हतं. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा मी त्या डिस्कवर उतरवल्या आणि फेकून दिल्या. केवढं माझं शहाणपण!

दोन्ही डिस्क कॉम्प्युटरच्या आत स्क्रूनं घट्ट बसल्या असत्या. माझी लेक्चरं मी तशी बसवली. आईची डिस्क हातात घेतली तर वडील म्हणाले, "तिला आत कोंडू नको. हाललं तर काढायचं कसं?"

दाराशी भिंतीवर वायफायचा राऊटर होता, त्यात यूएसबीची जागा होती. तिथं लावली, तिथूनही टीव्हीवर ऐकता यायचं. लोंबत्या वायरीवरची डिस्क एका धक्क्यात जाईल, हे मला कळत होतं. निदान एक कॉपी आतल्या डिस्कवर ठेवायची होती. जागाही होती. रविवारी बघू म्हणालो, आणि रविवारीसुद्धा क्लास घेत राहिलो.

वडील रोज संध्याकाळी चहा घेत ऐकायचे. "जेवलास का? थंडी हाय का तिकडं?" आई मला विचारायची आणि वडील टीव्हीकडे बघून "हाव" म्हणायचे.

एका दुपारी जमिनीतून गुरगुर आली, भांडी वाजली. वडिलांनी पेटी, फोटो सगळं सोडून डिस्क ओढली. ती हातातून निसटली, उंबऱ्यावर आपटली. ते तशीच उचलून बाहेर धावले. मी गल्लीत पोचलो तर छातीशी धरून उभे होते.

"काढली बघ तिला," ते धापा टाकत म्हणाले.

डिस्क पुन्हा चालली नाही. तिच्यातला आवाज काढणं लातुरात कुणाला जमलं नाही. हैदराबादेहूनही ती तशीच परत आली. माझी लेक्चरं मात्र शाबूत आहेत, त्यांचाच मला संताप येतो. डिस्क माझ्या कपाटात आहे. वडिलांना सांगितलंय, अजून दुरुस्तीला आहे.

काल म्हणाले, "लई दिस झाले. दुकानवाल्याला फोन कर. तिला दाराजवळ ठेव म्हणावं."