मालिकेसाठी पाटीभर बोंबील

सातपाटीच्या भानूबाई तांडेल मासळी विकून आल्या की सातच्या मालिकेला बसत. त्या वेळेत जावई जरी आला, तरी त्याला चहा मिळे तो जाहिराती लागल्यावरच. ती मालिका बंद होणार हे कळलं आणि त्यांचं डोकं फिरलं. कुणाकडे काम असलं की रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्यांची रीत. म्हणून आळीतल्या बायकांनी वाहिनीच्या ऑफिसात विनंतीबरोबर पाटीभर सुके बोंबील पाठवले.

आठवड्याभरात तिथल्या साहेबांचा फोन आला. "मालिका चालू ठेवतोय. पण बोंबील परत पाठवू नका, वासाने ऑफिसात बसवत नाही."

बायका नाचायला लागल्या. भानूबाई मात्र धुमसत राहिल्या.

"एवडा चांगला माल, आनि वास येतो म्हंतात. असल्या मानसांच्या हातात मालिका हाय, ती बंद पडायची नायतर काय."