ईराची पहिली शिकार, चाचांची शेवटची

चाचांचा डावा हात मोकळा सुटलेला मी कधी पाहिला नाही. कोपरात वाकवलेला, मूठ पुढे, मनगट ताठ. हातावर ससाणा असो वा नसो, हात तसाच. चहाचा कप उजव्या हाताने, फोन उजव्या हाताने, खिशातला रुमालसुद्धा डाव्या खिशातून उजव्या हाताने काढायचा. मी एकदा हसले तर म्हणाले, "छत्तीस वरसं पाखरं बसलीत त्याच्यावर. हा हात आता माजा नाय, त्यांचाच हाय."

चाचा हर्णैचे. धाहरानला आमच्या घराला लागून अबू फहद नावाच्या सौदी गृहस्थांचा बंगला होता आणि त्यांचे ससाणे सांभाळायला चाचा. अशा माणसाला इथे सक्कार म्हणतात. आमची ओळख झाली ती भिंतीमुळे. नवीन घरात येऊन दोन दिवस झाले होते. पलीकडून आवाज आला, "ये गो बाय, ये. खा वाईच." मला वाटलं, शेजारी कुणी कोकणातलं कुटुंब राहतंय. मी स्टुलावर चढून डोकावले, तर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा हातावरच्या बहिरी ससाण्याला मांसाचा तुकडा भरवत होता. अरब मालकाचं पाखरू हर्णैची बोली ऐकून जेवत होतं. त्या पाखराचं अरबी नाव काहीतरी भारदस्त होतं, पण चाचा तिला बानू म्हणत. शिकारीला मादीच घेतात, ती नरापेक्षा मोठी आणि दमदार असते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांचे डोळे हा तर आमच्या गल्लीत चेष्टेचा आणि कौतुकाचा विषय होता. आभाळात मला काही म्हणजे काही दिसत नसताना ते सांगायचे, "घार हाय. लंगडी हाय." पाच मिनिटांनी घार खाली यायची आणि खरंच एक पाय लोंबत असायचा. अबू फहद पाहुण्यांसमोर त्यांची परीक्षा घ्यायचे आणि जिंकल्यावर स्वतःच जिंकल्यासारखे मिशीत हसायचे. चाचा एवढंच म्हणायचे, "सक्काराचे डोळे गेले की सक्कार खलास. मग घरी जाऊन कोंबड्या राखायच्या."

माझं आणि त्यांचं जमायचं कारण नव्हतं. मी नाशिकची, इन्स्ट्रुमेंटेशनमधली इंजिनिअर, आणि स्वभावाने अतिशय उतावळी. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मला दम निघत नाही. "ताई, तुमी पाण्याला पण लवकर उकळ म्हणून सांगत असाल," असं ते मला तोंडावर म्हणाले होते. त्यात आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे शिकार या शब्दालाच माझा विरोध. पण माझी सात वर्षांची ईरा त्या भिंतीपाशी जी चिकटली ती चिकटलीच. माझ्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी चाचांशी मात्र घडाघडा मराठी बोलायला लागली, तेही हर्णैचं. जेवताना एकदा मला म्हणाली, "वाईच मीठ दे." मी घास हातात धरून बघतच राहिले.

ससाण्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी असते. टोपी आहे तोवर पाखरू शांत असतं, निघाली की ते जगाकडे झेपावतं. टोपीच्या मागे दोन वाद्या असतात. एक दातात धरायची, दुसरी बोटांनी ओढायची, मग टोपी सैल होते. चाचांनी ईराला हे कांद्यावर शिकवलं. दोन महिने आमच्या स्वयंपाकघरातला प्रत्येक कांदा टोपी घालून बसायचा. मग एक दिवस चाचा भिंतीवरून म्हणाले, "ताई, पोर तयार हाय. मालकाने हां म्हटलंय. पुढच्या जुम्म्याला बानूची टोपी ती काढणार." मी नाही म्हणणार होते. ईराचं तोंड बघून म्हणता आलं नाही. नवरा जुबेलला प्लांटच्या शटडाऊनवर अडकलेला, म्हणून मीच बरोबर निघाले.

जानेवारीतला शुक्रवार होता. उत्तरेला नारियाच्या बाजूला दोन-अडीच तास गेल्यावर रस्ता सोडून गाडी वाळूत उतरली. परवाना अबू फहदच्या नावाचा, ते स्वतः दुपारच्या नमाजानंतर मागून येणार होते. थंडी बोचरी होती. चाचांनी ईराला तीन गोष्टी सांगितल्या: बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, आणि "मी हात वर केल्याबिगर टोपीला शिवायचं नाय. काय पण झालं तरी." ईराने तीनदा मान हलवली.

शोध होता तो करवानकांचा. लांब पायांचा, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा हा पक्षी जमिनीला चिकटून बसला की दगडच. दोन तास आम्ही खुज्या झुडपांतून पावलांचे ठसे बघत फिरलो. चाचा मध्येच उकिडवे बसायचे, ठसा ताजा आहे का कळायला त्याच्या कडेची वाळू बोटाने ढळते का बघायचे आणि उठायचे. शेवटी एका उतारावर ते थांबले. काही न बोलता त्यांनी ईराच्या हातात जाड मोजा चढवला आणि बानूला त्यावर बसवलं. लांब दोरी सोडून घेतली आणि पायातल्या आखूड वाद्या ईराच्या मुठीत दिल्या. बानूचं वजन तिला पेलेना, म्हणून मी खाली बसून तिच्या कोपराला आधार दिला. चाचा हळूहळू पुढे निघाले, झुडपं हलवून पक्षी उठवायला. आता फक्त त्यांचा हात वर होण्याची वाट बघायची होती.

चाचा साठ-सत्तर पावलांवर गेले आणि एकदम जागच्या जागी थबकले. हात खालीच. तेवढ्यात आमच्या उजवीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर, एक करवानक उठला आणि पाय टाकत पळायला लागला. मला दिसला! आयुष्यात पहिल्यांदा मला चाचांच्या आधी काहीतरी दिसलं होतं. शिकारीला विरोध करणारी ती बाई कुठे गेली कोण जाणे.

"ईरा, तो बघ! काढ टोपी!" मी कुजबुजले.

"मम्मा, वेट. चाचा हॅजन्ट रेज्ड हिज हँड."

"अगं त्यांना दिसलेला नाही तो. उडून जाईल! काढ म्हणते ना!"

माझा आवाज चढला होता. तो आवाज ईराला ओळखीचा आहे, रोज सकाळी शाळेच्या बससाठी तोच लागतो. तिने वादी दातात धरली, दुसरी ओढली. टोपी निघाली. मूठ आपोआप सैल झाली आणि बानू गेली.

चाचांची किंकाळी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी हात वर केला नव्हता, कारण त्यांचं लक्ष आभाळात होतं. वर गरुड होता. मला तो दिसेपर्यंत पंख मिटून खाली सुटलासुद्धा होता. बानूने करवानकाचा नाद सोडला, जमिनीलगत वळली, गरुडाचा झपाटा तिला चाटून गेला, चार पिसं हवेत उडाली आणि वाऱ्याच्या दिशेने ती दिसेनाशी झाली.

तिच्या शेपटीला बारीकसं यंत्र असतं. चाचांच्या फोनवर एक ठिपका उत्तरेकडे सरकत होता. आम्ही गाडीत बसलो. वाळू, खड्डे, पुन्हा वाळू. ईरा मोजा घातलेला हात तसाच पुढे धरून बसली होती. मग ठिपका थांबला. मी म्हणाले, "बसली वाटतं कुठेतरी." चाचा म्हणाले, "बसली असेल, नायतर पडली असेल. ठिपक्याला दोन्ही सारखंच."

ती बसली होती, पण विजेच्या खांबावर. दोन्ही बाजूंना तारा. एक पंख एका तारेला आणि दुसरा दुसरीला लागला की संपलंच. मी दार उघडत म्हणाले, "चाचा, बोलवा ना तिला!" त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "आता बोलवली तर पंख उघडील. पहिल्यांदा तारा पाठीमागं गेल्या पायजेत." आणि ते खांबाभोवती लांबून चालू लागले. दहा पावलं चालायचे, थांबायचे. बानू त्यांच्याकडे बघत मान वळवायची, मग एखादा पाय सरकवायची. मध्ये एकदा तिने अंग झाडलं आणि पंख अर्धे उघडले. तिने ते मिटले. असा पाऊण तास गेला असेल, मला तो संपेल असं वाटत नव्हतं. अखेर ती खांबाच्या टोकाशी आली, तोंड मोकळ्या वाळूकडे, तारा सगळ्या मागे.

चाचांनी पाखराला खाली बोलवायला वापरतात ते पिसांचं बोचकं काढलं, त्याला मांस बांधलं, आणि ते ईराच्या हातात दिलं. मला वाटलं, यांना वेड लागलं. ईरा मागे सरकली, रडायला लागली. चाचा तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "बाय, ती तुज्या हातावरनं गेली ना? मग तूच बोलव. माज्याकडं आली तर तुज्या मनात भीती राहील." ईराने डोळे पुसले. बोचकं जमिनीवर टाकलं आणि तिच्या बारीक आवाजात म्हणाली, "ये गो बाय, ये. खा वाईच." बानूने एकदा मान हलवली आणि सरळ खाली आली. चाचांनी तिच्या पायातल्या वाद्या पकडल्या आणि तिला मुठीवर घेतलं.

अबू फहद पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांच्या फोनवरही तोच ठिपका होता, सगळी धावपळ त्यांनी पाहिलीच होती. बानूच्या डाव्या पंखाची तीन पिसं मोडली होती. त्या पंखावरून बोट फिरवत त्यांनी शांतपणे विचारलं, टोपी कुणी काढली? अरबी मला ऑफिसपुरतं कळतं, एवढं तर नक्कीच कळलं.

"मी काढली," चाचा म्हणाले.

"गरुड दिसला नाही?"

"नाही दिसला."

मी तीन पावलांवर उभी होते. "त्यांनी नाही, मी काढायला लावली" एवढं म्हणायला इंग्रजीही चाललं असतं. पण ईरा माझा हात धरून उभी होती, आणि रोज तिला "चूक झाली तर कबूल करायची" म्हणून बजावणारी मी गप्प बसले. अबू फहदनी पंखावरचं बोट काढून घेतलं. मग रागावून नाही, अगदी मायेने म्हणाले, "तुझे डोळे गेले, सक्कार. खूप वर्षं काम केलंस. आता घरी जा." चाचांनी मान खाली घातली आणि बानूला टोपी घातली.

फेब्रुवारीत त्यांचे कायमचे जायचे कागद झाले. मालकाने इतमामाने पाठवलं, भेटी दिल्या. पण गल्लीतले लोक हळहळत म्हणायचे, बिचाऱ्याला दिसेनासं झालं, आणि चाचा ते हसून ऐकून घ्यायचे. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना गाठून म्हणाले, "चाचा, मी सांगते त्यांना." ते म्हणाले, "पोरीने काढली, असंच सांगावं लागलं असतं ना? मालक वाईट नाय, पण गोष्ट साऱ्या गावात फिरली असती. सात वरसांच्या पोरीला कशाला ओझं? माजं काय, माजं वय झालंच हाय." "पोरीने नाही, मी काढायला लावली," हे वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. त्यांना ते माहीत नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

त्यानंतर मी कारणं शोधण्यात तरबेज झाले. आधी ऑडिट, मग ईराची परीक्षा, मग सुट्टीत नाशिक. डिसेंबरात शिकारीचे दिवस पुन्हा आले आणि अबू फहद फाटकापाशी भेटले. नवा सक्कार चांगला आहे म्हणाले, पण बानू त्याच्या हाकेला लवकर येत नाही. "त्या म्हाताऱ्याचे डोळे गेले नसते तर," एवढं ते म्हणाले आणि मला राहवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं, तर तो आज इथे असता." आणि आत निघून गेले. फाटक त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी हर्णैला फोन लावला. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. माझं रडणं, माफी मागणं चाचांनी पुरं होऊ दिलं. मग विचारलं, "पोरीला सांगितलात काय?"

"नाही अजून."

"मग मला कशाला फोन? मला तवाच समजलं होतं. तुमचा आवाज मला तिथवर ऐकू आलेला. आधी तिला सांगा."

ईरा अभ्यासाच्या टेबलाशी बसली होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ईरा, त्या दिवशी बानू गेली ती तुझ्यामुळे नाही. तू थांबायला सांगत होतीस. चूक माझी होती, आणि मी ती लपवली."

तिने पेन्सिल खाली ठेवली. एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "मला ठाव हाय. चाचा जायच्या दिवशी म्हणाले होते, मम्माला काय विचारू नको. ती स्वतः सांगेल. तिला वेळ लागेल, पण सांगेल."

दहा महिने ती थांबली होती.