पहिली चक्कर मिस्त्रीची

आमच्या दुकानात एक रीत होती. सायकल दुरुस्त झाली की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी मिस्त्रीनं स्वतः बसायचं आणि नाक्यापर्यंत एक चक्कर मारून यायची. नुसतं पंक्चर काढलं तरी चक्कर. "आधी आपलं थोबाड फुटू दे, मग गिऱ्हाइकाचं," अप्पा म्हणायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. लातुरात रेणापूर नाक्याजवळचं हे दुकान त्यांनी उभं आयुष्य चालवलं आणि मग माझ्या हवाली केलं. हवाली कसलं! रोज सकाळी आपल्या काळ्या सायकलवरून यायचे आणि माझ्या कामात खोट काढत बसायचे. ती चक्कर तर मला खामखा वाटायची.

मग त्यांची मान धरली. डॉक्टर म्हणाले, वाकून सायकल चालवू नका. अप्पांनी त्याचा अर्थ सायकल सोडा असाच घेतला. माणूस धड जेवेना, धड बोलेना. ऑटोनं दुकानात नेतो म्हटलं तर अंगावर आले, "मी काय पोतं हाय का उचलून न्यायला?" सायकल सुटली की आपण संपलो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खरं सांगतो, मलाही तीच भीती वाटत होती.

उपाय मला सुचला आणि मी फुशारलो. क्लाससाठी लातुरात आलेले विद्यार्थी परीक्षा झाली की गिअरच्या सायकली आमच्याकडं कवडीमोलानं टाकून जातात. तसल्या एका सायकलचं स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, आखूड आणि वर उचललेला होता. तो बसवला तर अप्पांना वाकावं लागणार नव्हतं. पण जुन्या सायकलच्या चिमट्याचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याचं, गणित वेगळं. त्याच्या नळीला बाहेरून आटे असतात आणि हँडलचा दांडा नळीच्या आत उतरतो. नवं स्टेम मात्र दांड्याला बाहेरून आवळायचं असतं. दोघांचं जमवायला मधे एक जोडदांडा लागतो. तो मी पार्सलनं मागवला. त्याच्या डोक्यातला लांब बोल्ट आवळला की खालची पाचर नळीत घट्ट बसते. तो ढिला राहिला तर वरचं हँडल वळतं आणि खालचं चाक आपल्याच नादात सरळ जातं.

तो बोल्ट मी मुद्दाम जेमतेम धरेल एवढाच फिरवला. अप्पांना बसवून उंची ठरवायची आणि मग आवळायचा, असा बेत. बसवलं. "अजून जरा वर." वर घेतलं. "आता बास!" महिन्याभरात पहिल्यांदा हसले. उतरून समोरच्या टपरीवर चहाला गेले, ते चार जणांना सांगायलाच. मला आनंदानं काही सुचेना. सायकल पुसली, घंटी वाजवून बघितली, स्टेमचे बाहेरचे बोल्ट दोनदा आवळले. आतला राहिला.

अप्पा परत आले. "चक्कर मारलीस का?"

"हाव," मी म्हणालो.

एवढंच. दुकानात गर्दी होती, उन्हाचा वैताग होता, सगळं खरं. पण म्हणालो ते मीच.

अप्पा टांग टाकून निघाले. नाक्यावरच्या वळणाला त्यांनी हँडल वळवलं आणि सायकल सरळ दुभाजकावर गेली. मी धावत पोचलो तेव्हा हँडल एकीकडं होतं आणि चाक दुसरीकडं. लोक जमले होते. कुणी विचारायच्या आधीच अप्पा कण्हत म्हणाले, "कुत्रं आडवं आलं." दवाखान्यात डॉक्टरांनाही तेच सांगितलं, भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही तेच. मी खाली मान घालून ऐकत राहिलो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण अप्पा घराच्या ओट्यापुढं चालले नाहीत. वर्षभर तिथली बाज आणि ते. सायकल मी घरामागं पोत्याखाली झाकून ठेवली होती.

एका दुपारी म्हणाले, "सायकल आण इथं. चाक गुडघ्यात धर. फिरव हँडल."

हँडल फिरलं. चाक जागचं हललं नाही. मला रडूच कोसळलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पडता पडता. मिस्त्री हाय मी."

"मग ते कुत्र्याचं काऊन सांगितलं?"

"मंग काय सांगू? दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं तुझ्याकडं सायकल घेऊन?" मग म्हणाले, "आता रडत काय बसून राहिलास? आवळ तो बोल्ट. आन चक्कर मार."

आवळला. पाना दोनदा निसटला. चौकापर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. अप्पा मान उचलून बघत होते.

"कशी हाय?"

"सरळ चालते अप्पा. मान वाकत न्हाई."

त्यांनी हात लांब करून घंटी एकदा वाजवली.

"मग देऊन टाक कुणाला तरी," ते म्हणाले. "मिस्त्रीनं चक्कर मारलीय म्हणून सांग."