कफनाचं कापड आणि शांतवनभाऊ

शांतवनभाऊंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी तुम्ही लिहा, असं मंडळीचे पाळक मला म्हणाले तेव्हा मी चाटच पडलो. मी भिवंडीजवळच्या शेलार गावचा आगरी माणूस, घरात एकवीरा आईचा देव्हारा. चर्चमध्ये कुठे चपला काढायच्या आणि कुठे नाही, हेही मला अजून नीट ठाऊक नाही. पण पाळक म्हणाले, भाऊंच्या बरोबरीने एकवीस वर्षं काम तुम्ही केलंत, आणि त्यांना सगळ्यात जास्त प्रश्नही तुम्हीच विचारलेत. हे मात्र खरं. चौकशीची खोड मला लहानपणापासून आहे. घरचे वैतागतात, भाऊ कधी वैतागले नाहीत.

आमची ओळख भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात झाली. बीमवरचं, म्हणजे लूमच्या मागच्या रुळावरचं, सूत संपत आलं की नवं बीम चढवतात आणि जुन्या प्रत्येक धाग्याला नवा धागा पिळून जोडतात. बोटांना राख लावायची आणि हजारो धागे एकेक करून पिळायचे. आमच्याकडे दोघं दोन कडांना बसायचे आणि जोडत जोडत मध्ये भेटायचे. माझ्या पहिल्याच आठवड्यात आम्ही मध्ये भेटलो, तर जुना एक धागा उरला. म्हणजे माझ्या हातून कुठेतरी एका जुन्या धाग्याला दोन नवे जोडले गेले होते. अशा वेळी उरलेला धागा तोडून टाकायचा आणि लूम चालू करायचा, असा सगळ्यांचा रिवाज. कापडात एक जाडसर रेघ येते, तिकडे कोण बघतो? मी कात्री उचलली तर भाऊंनी माझं मनगट धरलं.

मी म्हणालो, "भाऊ, ह्या कापड कफनाला जानार हाय. मढ्याला काय दिसतंय?"

"बाळाराम, आम्ही तर त्यातून उठायचं म्हणतो," भाऊ म्हणाले. "उठणाऱ्याला दिसेल की."

ते हसत होते, पण मनगट काही सोडेनात. मग माझ्या कडेकडून एकेक जोड तपासत आम्ही चूक शोधली आणि तिथपासून सगळं पुन्हा जोडलं. लूम थांबला म्हणून शेठ तावातावाने आले, तेव्हा भाऊंनी सांगितलं, चूक आमची झाली. 'आमची' म्हणाले. माझं नावही काढलं नाही. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. राखेने बोटं सोलवटली होती.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. हा माणूस मेल्यानंतर उठायचं म्हणतो, म्हणजे नेमकं काय? तिथे काय मिळणार, मुकुट? रोज जेवायच्या सुट्टीत मी एक प्रश्न काढायचो. भाऊ डबा माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, देवाघरचं ते गौरव कसं असेल ते मलाही माहीत नाही रे, मी कुठे बघून आलोय. मग मी कोंडीत पकडायचो: एवढं चोख काम करता ते तिथली जागा मिळावी म्हणूनच ना? त्यावर एकदा त्यांनी सांगितलं, लग्नाचं बोलावणं फुकटच येतं, तरी माणूस अंघोळ करून निघतो. हे मला पटलं, पण पटलं असं मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही.

पुढे भाऊंच्या पत्नीला, रूथवहिनींना, अर्धांगवायू झाला. वाचा गेली, हळूहळू ओळखही गेली. सहा वर्षं भाऊ रोज सकाळी त्यांची वेणी घालून, पेज भरवून मगच सातच्या शिफ्टला यायचे. त्यांना आजचा वार कळत नाही, मग रोज ताजी वेणी कशाला, असं मी विचारलं. असलं विचारायला जीभ कशी उचलली, देव जाणे. भाऊ एवढंच म्हणाले की मला कळतो ना वार. एकदा आम्ही वहिनींना रिक्षाने अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं होतं. पायरी उतरताना मी हात धरला तर त्या घाबरून ओरडल्या. भाऊंनी धरला, तशा गप्प झाल्या.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. त्यानंतर सलग तीन रविवार भाऊ उपासनेला आले नाहीत. आयुष्यात कधी न चुकलेला माणूस. पाळक जाऊन आले, मंडळीतली वडीलधारी माणसं जाऊन आली, तरी भाऊ घराबाहेर पडेनात. मग मी गेलो. या खेपेला मी काहीच विचारलं नाही.

शेवटी तेच म्हणाले, "गौरव असेल, सगळं असेल. पण सहा वर्षं ती मला ओळखत नव्हती, बाळाराम. तिथे तरी ओळखेल का?"

जन्मभर मी प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरं दिली. त्या दिवशी उलटं झालं होतं, आणि मला त्यांचा धर्म काय सांगतो ते धड माहीत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढंच सांगितलं. "अकलोलीला मी हात धरला तं त्या वरडल्या, तुमी धरला तं गप झाल्या. त्या वळखत व्हत्या, भाऊ."

भाऊ खूप रडले. मीही रडलो. पुढच्या रविवारी ते आपल्या नेहमीच्या बाकावर होते आणि मी सगळ्यात मागच्या. त्या दिवसापासून, कोणाला सांगू नका, वहिनी आहेत आणि वाट पाहताहेत, असं मीही धरून चाललो आहे.

भाऊ, तुमची नजर शाबूत राहो, गुडघे साथ देवोत, आणि माझे उरलेले प्रश्न ऐकण्याइतकं दीर्घ आयुष्य तुम्हाला लाभो. आणि रूथवहिनी, तुमची माफी मागतो. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं वाट पाहावी लागो. यांना आम्ही एवढ्यात सोडत नाही.