नाशपातीले माता आली होती

विहिणीनं फोनवर एवढंच सांगितलं, "समधीन, घर में माता आई है, अभी मत आना," आणि फोन कटला. मग किती लावला तरी लागेना. तिकडं जशपूरच्या पाटावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, टॉवर मनात आलं तर चालतो. तिकडं कांजण्याले माता म्हणतात, मले वाटलं नातीले निघाल्या. आम्ही बुद्धाची माणसं, आमच्यात कांजण्या आल्या की डॉक्टर. माझी ज्योती दिली त्या घरात माता आली की डॉक्टर बंद, झाडू बंद, कात्री बंद, पाहुणा बंद. येऊ नको म्हटलं, म्हणूनच मी निघाली.

जायचं असेल तर रायपूरवरून सकाळची गाडी पकडा आणि रायगढले उतरा. किल्ल्याचा रायगड नाही, कोळशाचा रायगढ. तिथून पत्थलगावची बस. कोळशाच्या ट्रकांनी रस्ता असा खाल्ला आहे की मागच्या सीटवर बसाल तर कंबर रायगढलेच राहील. भाडं आधी विचारा, म्हातारी दिसली की कंडक्टर सुट्टे विसरतो. पत्थलगावले थंडीत रस्त्याच्या कडेले टमाटरचे ढीगच्या ढीग. समोशावर त्याची चटणी फुकट आणि समोशापेक्षा चांगली. स्वेटर पिशवीत नाही, अंगात ठेवा. वर भल्ली थंडी आहे.

बगीचा नावाच्या गावी जावई दिनेश जीप घेऊन उभा होता. बसल्याबरोबर मी विचारलं, पोट्टी कशी आहे? म्हणे स्कूल गई है.

"मग माता कोणाले आली?"

त्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "पेड़ों को, अम्मा."

मले वाटलं घाटात कान बसले.

घाट चढून गेलो तर खरंच. नाशपातीच्या बागेच्या फाटकाले कडुनिंबाच्या डहाळ्या, बाजूले हळदीच्या पाण्याचा लोटा. आत झाडं उघडी, फांद्यांत फांद्या गुंतलेल्या, आणि खाली मागच्या पावसाळ्यापासूनची पानं. पाय ठेवला की घोट्यापर्यंत. एक उचललं तर त्यावर काळे मखमलीसारखे डाग. वाळून काळी पडलेली फळंही तशीच, डागाच्या जागी तडकलेली.

विहीण हळूच चपला काढून माझ्यामागे आली. आधी एका झाडाले दाणे निघाले, मग शेजारच्याले, मग पुऱ्या ओळीले, जसं घरातल्या पोराईले एकामागून एक निघते. मातेशिवाय दुसरं काय असणार, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून बागेत झाडू नाही, कात्री नाही, औषध नाही. व्यापाऱ्यानं मागचा माल रस्त्यावर ओतून दिला होता आणि सांगून गेला होता, यंदा एकही डाग दिसला तर गाडी वर चढणार नाही. त्या घरात दुसरी कमाई नाही.

त्याहून मोठा झटका चुलीजवळ बसला. चिले, म्हणजे तांदळाची धिरडी, करता करता ज्योती खालच्या आवाजात बोलली. ही बुरशी आहे, तिले खपली म्हणतात, हे बागवानीच्या सायबानं तिले पावसाळ्यातच सांगितलं होतं. बुरशी पडलेल्या पानांत थंडी काढते आणि पहिल्या ओलीत तिथून उडून नव्या पानावर बसते. म्हणून कळ्या फुटायच्या आत पानं झाडून जाळायची, मधल्या फांद्या कापून वारा-ऊन आत येऊ द्यायचं, कळी फुगली की तांब्याचं औषध मारायचं. फुलोऱ्यात नाही, मधमाशा मरतात. पाकळ्या गळल्या की सायेब सांगेल ते दुसरं.

"मग काहून नाही झाडली?"

"मले या घरात राहायचं आहे ना, आई."

रायपूरले आमच्या गुढियारी मोहल्ल्यात पाण्याच्या टँकरवाल्याले रडवणारी माझी पोट्टी हे बोलून राहिली होती. 

सकाळी मी झाडाखाली गेली. कळ्या फुगायले लागल्या होत्या, म्हणजे वाद घालत बसायले वेळ नव्हता. विहिणीले तिच्याच कायद्यानं विचारलं, माता कधी जाते? म्हणे दाण्याची पपडी सुकून झरली की विदाई करतो, मग घरदार झाडतो. मी ओंजळभर पानं तिच्यासमोर धरली.

"मग ही काय आहे, समधीन? पपडीच झरली ना सगळी? तुम मेहमान को दरवाजे पर बिठा के रखी हो."

तिनं पानं पाहिली, वर उघड्या फांद्या पाहिल्या. "हव," म्हणे, "झर तो गई." मग माझ्याकडे बारीक डोळे केले. "तुम तो माता मानती नहीं."

"मेहमान मानती हूँ."

ती हसली. पण माझ्या हातून तिनं झाडू काढून घेतला. विदाई तिनं केली, मी बाजूले उभी राहिली. त्यानंतर ती बाई अशी झाडायले लागली की मी चाट पडली. दिनेशनं फांद्या कापल्या, धूर पार दुसऱ्या टेकडीवर गेला.

मी रायपूरले परतली. पाटावरचं काय राहिलं मनात? लोक धुकं सांगतात, धबधबे सांगतात. पहा, चांगले आहेत. मले तो झाडलेल्या मातीचा रंग आठवतो, आणि ज्योतीचा तो खालचा आवाज. तो काही मी झाडू शकली नव्हती.

पावसाळ्यात ज्योतीले फोन लागला. डाग आहेत म्हणे, खालच्या ओळीतल्या काही झाडांवर. ती फळं वेगळी काढली, बाकीचा साफ माल व्यापारी घेऊन गेला. बोलता बोलता मागून विहीण ओरडली की डागवाल्या झाडांवर निंब बांधते, औषध राहू दे.

ज्योतीनं फोन तोंडापासून दूर धरला असावा, आवाज सासूकडे वळला. "निंब बाँधो मम्मी जी, जितना बाँधना है बाँधो. पर पत्ता गिरेगा तो मैं झाड़ूँगी, और कैंची भी मेरे पास रहेगी."

मग दोघींचं असं जुंपलं की मी लाईनवर आहे हे कोणाले आठवलं नाही. मी फोन कानाले तसाच धरून बसली आणि पुरं भांडण ऐकलं.