शिडांवरची हळद
फोडणीत हळद पडली की मला कॅसल हिलच्या आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई आठवतात. लॉकडाऊनमध्ये त्यांनी कुंपणावरून केक दिला, तो चिनीमातीच्या जुन्या बशीतून. तिच्यावर निळ्या छपाईत शिडाचं लढाऊ जहाज आणि ब्रिटिश झेंडा. "माझे पणजोबा नेव्हीत होते, त्यांची ही," त्या मास्कमधून अभिमानाने म्हणाल्या. बशी रिकामी कशी परत करायची, म्हणून मी लिंबाचं लोणचं भरून दिलं. पुढच्या आठवड्यात त्या बागेतल्या नळाखाली ती घासताना दिसल्या. बारीक तड्यांत हळद मुरून पांढरी शिडं पिवळी झाली होती. मी कानकोंडी होऊन सॉरी म्हणाले. "नो वरीज, लव्ह," त्या घासता घासताच हसल्या. पुढचा केक कागदी डिशमधून आला. "ही परत द्यायला नको हं," त्या इतक्या मायेने म्हणाल्या, की आजही ते आठवलं की मान वर होत नाही.