आनंदनगरच्या पंपावरची लाइन

फजित्या माझ्या बऱ्याच झाल्यात, पण अख्खा अंबरनाथ-बदलापूर रस्ता सोबत घेऊन झालेली ही एकच. चहा निवतोय, आधी तो प्या, मग हसा.

रविवारची सकाळ. चिखलोलीहून स्कूटर घेऊन मी आनंदनगरजवळच्या पंपावर गेलो, चाकात हवा भरायला. हवावाला नाश्त्याला गेलेला. मग काय, पंपाच्या तोंडाशीच थांबलो आणि मोबाइल काढला. त्यावर तेलाच्या जहाजांचा व्हिडिओ लागला. काय सांगू तुम्हाला, आमच्या सोसायटीच्या सगळ्या बिल्डिंगी ओळीने आडव्या पाडल्या तरी एक जहाज पुरून उरेल. आणि असली जहाजं आखातातल्या एका चिंचोळ्या वाटेने एकामागे एक निघालेली. तिथलं तेल बदलापूरच्या रिक्षात येतं, हे आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात शिरलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

तेवढ्यात मागे एक सिंधी शेठ स्कूटरवर येऊन थांबले. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. का थांबलात, म्हणून त्यांनी विचारलं.

मी मान वर न करता म्हणालो, "शेठ, वाट एवढीशी आहे. अडली की तेल संपलं समजा."

मी समुद्राचं बोलत होतो. शेठनी पंपाचं ऐकलं. भावाला फोन लावून घरच्या सगळ्या गाड्या ताबडतोब आणायला सांगितल्या. मी आपला जहाजांत.

व्हिडिओ संपल्यावर मागे वळून बघतो तर काय! रिक्षा, टेम्पो, बायकापोरांसकट मोटरसायकली, लाइन पार वळणाच्या पलीकडे गेलेली. एवढी माणसं मी फक्त शिवमंदिराच्या जत्रेत बघितली होती.

एका रिक्षावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की उद्यापासून पेट्रोल बंद. पुढे कुणी जाणकार माणूस आहे, त्याने आतली खबर दिलीय. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला हो! आणि नशीब बघा, लाइनीत सगळ्यात पुढे मीच. पळत येऊन स्कूटर नळीपाशी नेली आणि पंपावरच्या मुलीला म्हणालो, "ताई, फुल करा."

"काका, झाकण उघडा."

मी सीट उचलून बघितलं, मागे बघितलं, वाकून चाकाजवळही बघितलं. झाकण नाही. ती हळूच म्हणाली, "काका, ही बॅटरीची आहे."

वीस वर्षं पेट्रोल भरलेल्या माणसाला महिन्याभराची गाडी कशी लक्षात राहणार, सांगा. काय झालं म्हणून शेठ पुढे आले, मुलीने त्यांना सांगितलं. आता हे हसणार आणि मागोमाग अख्खी लाइन हसणार, या भीतीने मी डोळे मिटून घेतले.

शेठ हसले नाहीत. त्यांनी मला हात जोडले. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देखो, साहबला आधीच मालूम होतं. गाडी पण बॅटरीची घेतली. फक्त आपल्याला सांगायला इथे उभे आहेत."

लोक माझ्या स्कूटरचे फोटो काढायला लागले. पंपाचा मॅनेजर बाहेर येऊन घसा फोडून सांगत होता की पेट्रोल भरपूर आहे, टँकर आत्ताच टाकीत रिकामा झालाय. पण त्याचं ऐकतंय कोण?

शेठनी आवाज खाली आणून विचारलं, "साहब, तेलाचं पुढे काय होणार, ते तुम्हाला इतकं आधी कळलं कसं?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. खोटं बोलायची हिंमतच झाली नाही. म्हटलं, "शेठ, मला काहीच कळलं नव्हतं. मी पेट्रोल भरायला विसरतो. दर आठवड्याला बायको बाटली घेऊन रस्त्यात यायची. शेवटी वैतागून तिनेच ही गाडी घेतली."

शेठ लगेच म्हणाले, "मग भाभींनाच फोन लावा. त्यांना विचारू."

लावला. स्पीकरवर टाकला. रिक्षावाले कान देऊन गोळा झाले. शेठनी अदबीने विचारलं, पेट्रोल कधी संपणार?

बायको म्हणाली, "ते मला नाही माहीत, भाऊ. पण त्या लाइनीत आमचे हे पुढे असतील, तर तुम्ही सगळे घरी जा."

आणि गेले की सगळे.